व्यावसायिक अभियंता परवाना

लोकांच्या जीविताशी थेट संबंध असलेली अभियांत्रिकी सेवा स्वतःच्या नावाने व जबाबदारीवर देण्यासाठी कायद्याने स्थापलेल्या मंडळाकडून मिळणारी अनुज्ञा म्हणजे व्यावसायिक अभियंता परवाना. पदवी ही शिक्षण पूर्ण झाल्याचा दाखला असते. जेथे ही पद्धत लागू आहे तेथे पूल, इमारत किंवा पाणीपुरवठा योजनेच्या अंतिम आराखड्यावर सही-शिक्का करण्याचा अधिकार मात्र परवानाधारकालाच असतो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत असा पहिला कायदा वायोमिंग राज्याने १९०७ मध्ये केला. सिंचनाच्या पाण्याचा हक्क मागणाऱ्या अर्जांना जोडलेले नकाशे अभियांत्रिकीचे ज्ञान नसलेली माणसे काढत असल्याचे राज्य अभियंता क्लॅरेन्स जॉन्स्टन यांना आढळले होते. पुढे दुर्घटनांमुळे अशा कायद्यांची निकड अधिक तीव्रतेने जाणवू लागली. टेक्सासमधील न्यू लंडन येथील शाळेत १८ मार्च १९३७ रोजी गळालेल्या नैसर्गिक वायूचा स्फोट होऊन सुमारे ३०० जण, त्यांपैकी बहुसंख्य विद्यार्थी, मरण पावले आणि त्याच वर्षी त्या राज्यानेही अभियंत्यांच्या नोंदणीचा कायदा केला.

अमेरिकेत परवाना केंद्र सरकार देत नाही, तर प्रत्येक राज्याचे मंडळ देते. मान्यताप्राप्त पदवी, मूलतत्त्वांची परीक्षा, साधारणतः चार वर्षांचा अनुभव आणि निवडलेल्या शाखेतील व्यावसायिक परीक्षा असा नेहमीचा मार्ग आहे. यांपैकी परीक्षांचीच चर्चा अधिक होत असली, तरी या व्यवस्थेचा खरा कणा अनुभव हाच आहे. तो शक्यतो परवानाधारक अभियंत्याच्या देखरेखीखाली घ्यावा लागतो आणि उमेदवाराने केवळ सांगकामे न करता गणिते, निवड व निर्णय यांची जबाबदारी हळूहळू वाढत्या प्रमाणात पेलल्याचे त्यातून दिसावे लागते. त्यामुळे अर्जात प्रकल्पांची नावे देऊन भागत नाही; प्रत्येक ठिकाणी स्वतः काय ठरवले, हे लिहून त्याला पर्यवेक्षकांची पुष्टी मिळवावी लागते.

शिक्क्याचा अर्थ कॅन्सस सिटीतील हयात रीजन्सी हॉटेलच्या दुर्घटनेने कठोरपणे स्पष्ट केला. तेथील दोन मजल्यांवरचे, छताला टांगलेले पादचारी मार्ग १७ जुलै १९८१ रोजी कोसळून ११४ जण ठार झाले. मूळ कल्पनेत छतापासून निघणारे अखंड लोखंडी गज दोन्ही मजल्यांच्या मार्गांना स्वतंत्रपणे पेलणार होते. बांधणीच्या वेळी खालचा मार्ग वरच्या मार्गालाच टांगला गेल्याने वरच्या जोडांवरील भार दुप्पट झाला. हा बदल असलेल्या नकाशांना गणित न तपासता संमती देण्यात आली होती. मिसूरी राज्यात जबाबदार अभियंत्यांचे परवाने रद्द झाले. तपासणीचे काम हाताखालच्यांवर सोपवता येते, पण उत्तरदायित्व शिक्का करणाऱ्याकडेच राहते, हे या प्रकरणातून ठळक झाले.

सर्वच अभियंत्यांना परवाना लागतो असे नाही. अमेरिकेतील अनेक राज्ये उत्पादन उद्योगांतील नोकरदार अभियंत्यांना सूट देतात. ही सूट सोयीची असली, तरी सदोष यंत्रही सदोष पुलाइतकेच घातक ठरू शकते, म्हणून तिच्यावरील आक्षेप रास्त आहे. कॅनडात परवाना प्रांतनिहाय मिळतो. ब्रिटनमधील ‘चार्टर्ड इंजिनिअर’ ही उपाधी संरक्षित आहे, परंतु बहुतेक अभियांत्रिकी कामांसाठी ती कायद्याने अनिवार्य नाही. १९८९ च्या वॉशिंग्टन करारानुसार सदस्य देशांच्या मान्यता संस्था एकमेकींच्या पदवी अभ्यासक्रमांना समकक्ष मानतात. परवान्याला हा करार लागू नसल्याने दुसऱ्या देशात काम करू इच्छिणाऱ्या अभियंत्याला तेथील मंडळाकडे वेगळा अर्ज करावा लागतो.