नवीन लॉगर टाकला? मग एडीआयएफ कुठे न् कॅब्रिलो कुठे ते एकदाचं बघून घ्या

सीक्यू वर्ल्ड वाईड, म्हणजे हॅम रेडिओवाल्यांची (हौशी रेडिओ) जगभरची कॉन्टेस्ट, जवळ आली की जळगाव-भुसावळपासून धुळ्यापर्यंत तेच सुरू होतं. कोणीतरी रेडिओ संपर्कांची नोंद ठेवणारं जुनं सॉफ्टवेअर (लॉगर) सोडून एन१एमएम लॉगर प्लस टाकतो आणि मग फोन, "भाऊ, जुन्यातून कॅब्रिलो काढली, नव्यात टाकून राह्यलो तर इम्पोर्टला ते एडीआयएफच मागतंय." बरोबरच मागतंय ना भो, एडीआयएफ न् कॅब्रिलो या लॉगच्या दोन वेगळ्या फाईली. आणि कॉन्टेस्ट संपली की उलटा प्रकार, एडीआयएफ घेऊन कॉन्टेस्टच्या साईटवर लॉग चढवायला बसतात आणि विचारतात स्वीकारत का नाही.

एडीआयएफ तुम्हाला माहितीच आहे, रोजच्या लॉगरमधून काढून क्लब लॉग न् ईक्यूएसएल या ऑनलाईन सेवांना चढवतो तीच. कॉल (स्टेशनची ओळख-अक्षरं), बँड, मोड, वेळ, नाव, क्यूएसएल (संपर्काची पावती) आलं का नाही, सगळं आपापल्या टॅगमध्ये. फक्त ती नोटपॅडमध्ये उघडून हाताने कॉल दुरुस्त करत जाऊ नका. टॅगमध्ये अक्षरांचा आकडा लिहिलेला असतो, तिथे ६ तसाच ठेवून सात अक्षरी कॉल टाकला तर वाचणारं सॉफ्टवेअर सहाच अक्षरं घेतं, शेवटचं अक्षर गायब.

कॅब्रिलो म्हणजे एकाच कॉन्टेस्टची साधी टेक्स्ट फाईल, तपासणाऱ्या कॉम्प्युटरसाठी. वर हेडर, त्यात कोणती कॉन्टेस्ट, सिंगल ऑपरेटर का मल्टी, पॉवर हाय, लो का क्यूआरपी (अगदी कमी), असिस्टेड (इतरांनी कळवलेल्या स्टेशनांची मदत घेतलेली) का नाही. खाली एका क्यूएसओला (संपर्काला) एक ओळ. आपल्या भाषेत सांगायचं तर एडीआयएफ हा सातबारा आणि कॅब्रिलो हा केळीच्या पीकविम्याचा अर्ज, एका हंगामापुरता, ठरल्या मुदतीत भरायचा. अर्जावरून सातबारा तयार होत नाही.

कारण कॅब्रिलोच्या ओळीत मावतंच थोडं. नाव नाही, नोट नाही, वेळेचे सेकंद नाहीत, एलओटीडब्ल्यूवर (संपर्क पक्के करणारी ऑनलाईन सेवा) कन्फर्म झालेलं तर नाहीच नाही. फोनला नुसतं पीएच लिहितात, ते एसएसबी होतं का एएम ते त्या ओळीवरून कळत नाही. रेडिओ कॉम्प्युटरला जोडलेला नसला तर फ्रिक्वेन्सीच्या जागी नुसती १४०००, म्हणजे बँडची सुरुवात. अशी फाईल कन्व्हर्ट करून नव्या सॉफ्टवेअरमध्ये आयुष्यभराचा लॉग उभा करणारे लोक आहेत, आणि वर म्हणतात नवं सॉफ्टवेअर भंगार आहे.

एक्स्टेन्शन वेगळं, एकाचं डॉट एडीआय, दुसऱ्याचं बहुतेक वेळा डॉट लॉग, त्यात काही अडत नाही. वेळ दोन्हीत यूटीसीच, म्हणजे कॉन्टेस्ट आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू, कॉम्प्युटरचा टाईमझोन नीट ठेवा, संपलं.

खरी गोम आहे ती पाठवलेल्या एक्स्चेंजची, म्हणजे संपर्कात आपण समोरच्याला दिलेल्या माहितीची, आणि ९९ टक्के डोकेदुखी इथूनच येते. आपण रोज लॉग करतो तेव्हा समोरच्याने काय दिलं ते लिहितो, आपण काय दिलं ते कोण लिहितो? एडीआयएफमध्ये त्यासाठी एसटीएक्सचे टॅग आहेत, पण रोजच्या लॉगरमध्ये ते रिकामेच असतात. कॅब्रिलोत मात्र ती जागा रिकामी चालत नाही. वर्ल्ड वाईड सीडब्ल्यूची (मोर्सची) ओळ अशी असते: फ्रिक्वेन्सी, मोड, तारीख, वेळ, आपला कॉल, ५९९ (सिग्नल रिपोर्ट), २२, मग समोरचा कॉल, ५९९, २५. ते २२ म्हणजे आपला सीक्यू झोन, जगाच्या विभागणीतला आपला विभाग (४१ हा आयटीयू झोन, तो जुलैच्या आयएआरयू कॉन्टेस्टला, इथे नाही). आता एडीआयएफ कुठल्यातरी कन्व्हर्टरमध्ये टाकून कॅब्रिलो केली तर हे २२ येणार कुठून? झोन तरी सगळ्या ओळींना एकच, भरता येतो. डब्ल्यूपीएक्स या दुसऱ्या कॉन्टेस्टला सिरियल नंबर असतो. तिथे फाईलमध्ये नंबर नसले आणि क्रमाने १, २, ३ लावून दिले, आणि मधला एक क्यूएसओ तुम्ही उडवलेला असला, तर पुढचे सगळे नंबर एकाने सरकतात आणि समोरच्याने खरा नंबर लिहूनही तपासणीत जुळत नाही. म्हणून डुप्लिकेट क्यूएसओ सुद्धा काढू नका, वर्ल्ड वाईडमध्ये डुप्लिकेटला दंड नाही, उलट तुमच्या लॉगमध्ये क्यूएसओ सापडला नाही तर समोरच्याचे पॉइंट जातात आणि वर दुप्पट दंड.

त्यामुळे माझं मत पक्कं आहे, कन्व्हर्टर नकोच. नव्या लॉगरमध्ये आधी योग्य नावाची कॉन्टेस्ट उघडा, डीएक्स नावाच्या साध्या लॉगमध्ये नाही, तिथे सेंट एक्स्चेंजचा रकाना असतो तो भरा, आणि मगच पहिला सीक्यू (सगळ्यांना हाक) मारा. त्या रकान्यात नुसतं २२ लिहायचं. लोक ५९९ २२ लिहितात, मग प्रत्येक ओळीत ५९९ ५९९ २२ छापून येतं. सिरियलवाल्या कॉन्टेस्टला ००१. चुकून साध्या लॉगमध्ये खेळून झालंच असेल तर एडीआयएफ काढा, योग्य कॉन्टेस्ट उघडून त्यात इम्पोर्ट करा, टूल्समधून रीस्कोअर मारा, मग कॅब्रिलो काढा.

घोळ वाढायला टीक्यूएसएल हे सॉफ्टवेअर पण कारण आहे, एलओटीडब्ल्यूसाठी ते दोन्ही फाईली साईन करून देतं, म्हणून लोकांना वाटतं दोन्ही एकच. एक्सेलचं तर नावच काढू नका, ०००५ वाजताचा क्यूएसओ ५ होतो आणि ००१ चा १.

जुनं सॉफ्टवेअर काढून टाकायच्या आधी पूर्ण एडीआयएफ काढून पेनड्राईव्हवर ठेवा. वर्ल्ड वाईडचा लॉग चढवायला पाच दिवस असतात, तेवढ्यात कॅब्रिलो नोटपॅडमध्ये उघडून हेडर आणि दोन-चार ओळी वाचा, आपल्या कॉलपुढे ५९९ आणि लगेच २२ दिसलं की चढवून द्या न् जा निवांत भरीत खायला.