तसरीह: वेस्ट बँकेतला परवाना, त्याचे कागद आणि नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बायका

इस्रायलच्या लष्करी ताब्यातल्या वेस्ट बँकेतल्या पॅलेस्टिनी माणसाला जेरुसलेमच्या रुग्णालयात, इस्रायलमधल्या बांधकामावर किंवा इस्रायलने बांधलेल्या भिंतीपलीकडे राहिलेल्या स्वतःच्याच शेतात जायचं असेल, तर इस्रायली लष्कराचा परवाना लागतो. अरबीत त्याला तसरीह म्हणतात. आधीच सांगून टाकतो: ऑक्टोबर २०२३ नंतर कामाचे बहुतेक परवाने गोठवले गेले आणि लाखाच्या वर कामगार घरी बसले. त्यांच्या जागी माणसं नेण्यासाठी भारतात भरती झाली, सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यातसुद्धा. पुढची पद्धत आहे ती मुख्यतः त्याआधीची. चौकट मोडलेली नाही, पण परवाने फार हात आखडून मिळतात.

परवाना कुणाला लागतो?

१९७२ पासून येण्याजाण्याला सरसकट मोकळीक होती. जानेवारी १९९१ मध्ये ती रद्द होऊन माणसागणिक परवाना आला आणि मार्च १९९३ पासून नाके बसले. ऑक्टोबर २०२३ पर्यंत ५५ वर्षांवरचे पुरुष आणि ५० वर्षांवरच्या स्त्रिया यांना काही अटींवर सूट होती. बाकी सगळ्यांना कागद हवाच.

मूळ कागद

पहिला कागद म्हणजे हिरव्या पाकिटातलं ओळखपत्र, हविय्या. ते देतं पॅलेस्टिनी प्राधिकरण, म्हणजे वेस्ट बँकेच्या काही भागाचा कारभार पाहणारं पॅलेस्टिनी सरकार, पण लोकसंख्येची नोंदवही इस्रायलच्या ताब्यात. दुसरं मॅग्नेटिक कार्ड: बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवलेलं. ते मिळतं लष्कराच्या जिल्हा समन्वय कार्यालयात. लोक त्याला नुसतं ‘इर्तिबात’ म्हणतात. हे कार्ड हातात असलं म्हणजे परवाना मिळेलच असं नाही, पण नसलं तर अर्जाची बातच सोडा.

कामाचा परवाना

इथं अर्जदार कामगार नसतो, मालक असतो. इस्रायली कंत्राटदार आपल्या कोट्यातून अमुक माणूस हवा म्हणून मागणी करतो, आणि परवाना त्या मालकाशी बांधलेला. मधे दलाल शिरले नसते तरच नवल. महिन्याला साधारण २,००० ते २,५०० शेकेल मोजून लोक परवाना ‘विकत’ घेत. डिसेंबर २०२० मध्ये बांधकामाच्या कामगारांना मालक बदलण्याची मुभा मिळाली, पण दलाली काही संपली नाही.

दवाखान्याचा परवाना

पॅलेस्टिनी आरोग्य खात्याची शिफारस, रुग्णालयाने दिलेली तारीख आणि ओळखपत्र एवढं जोडून अर्ज पॅलेस्टिनी नागरी व्यवहार कार्यालयामार्फत इर्तिबातकडे जातो. पूर्व जेरुसलेममधलं ऑगस्टा व्हिक्टोरिया किंवा मकासेद यांसारखं पॅलेस्टिनी रुग्णालय असेल, तरी तेच. सोबत येणाऱ्या नातेवाइकाचा परवाना वेगळा. मुलाचा मंजूर आणि आईचा नामंजूर, असंही होतं. मग तारीख हुकते आणि नवी तारीख म्हणजे नवा अर्ज.

शेतीचा परवाना

हा भाग सातबाऱ्याशी झगडलेल्या माणसाला लगेच कळेल. विभाजक भिंतीचा ठरलेला मार्ग सुमारे ७१२ किलोमीटरचा, आणि त्यातला ८५ टक्के वेस्ट बँकेच्या आतून जातो. त्यामुळे गाव अलीकडे आणि जैतुनाची (ऑलिव्हची) झाडं पलीकडे. २००३ मध्ये भिंत आणि इस्रायलची हद्द यांच्या मधला पट्टा बंद क्षेत्र म्हणून जाहीर झाला. आता आपल्याच झाडाकडे जायला जमिनीचा उतारा किंवा कराची नोंद लागते. नावावर आजोबा असतील तर वारसाचा दाखलाही. वरून जमीन नकाशावर दाखवून द्यायची.

खरी मेख क्षेत्रफळात आहे. नंतरच्या नियमांत ३३० चौरस मीटरपेक्षा लहान तुकड्याला शेतीची गरजच नाही, असं धरलं गेलं. ३३० चौरस मीटर म्हणजे सव्वातीन गुंठे. चार भावांत वाटण्या झालेल्या घरात हिशेब कुठे जातो, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. जैतुनासाठी वर्षाला ४० फेऱ्यांची मर्यादाही आली. हमोकेद या इस्रायली संस्थेने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. शिवाय परवाना असला तरी शेताचं फाटक उघडं हवं, आणि कित्येक फाटकं फक्त तोडणीच्या हंगामात उघडायची.

नाक्यावरच्या बायका

२००१ च्या सुरुवातीला काही इस्रायली स्त्रियांनी ‘मख्सोम वॉच’ सुरू केलं. मख्सोम म्हणजे हिब्रूत नाका, आणि पॅलेस्टिनी बोलण्यातही तोच शब्द रुळलाय. दोघी-तिघी, बहुतेक निवृत्तीच्या वयाच्या, पहाटे कलंदिया किंवा बेथलेहेमच्या नाक्यावर उभ्या राहतात. किती खिडक्या उघड्या आहेत, रांग कुठवर गेली, किती वाजता कोणाला परत पाठवलं, हे वहीत टिपायचं. कुणी अडकलं तर लष्कराच्या मानवीय मदत कक्षाला फोन लावायचा. हिब्रू बोलणारा आवाज पलीकडून ऐकून घेतला जातो, एवढीच त्यांची ताकद. सदस्य फक्त स्त्रिया. परदेशी स्वयंसेवकांसाठी जागतिक चर्च परिषदेचा, स्थानिक लोकांच्या सोबतीला राहण्याचा, २००२ पासूनचा कार्यक्रम आहे, त्यात साधारण तीन महिने राहावं लागतं.

नाव काळ्या यादीत असेल तर

या बायकांचं सगळ्यात चिकाटीचं काम इथं आहे. नकाराचं कारण पोलिसांकडचं असेल, तर कधी जुना न भरलेला दंड निघतो. तो भरून पावती जोडली की वाट मोकळी होऊ शकते. शाबाक या गुप्तचर खात्याने अडवलं असेल, तर शिक्का असतो ‘मनअ अमनी’, म्हणजे सुरक्षेची मनाई. आपली मनाई याच अरबी शब्दातून आली. कारण सांगत नाहीत. ‘आम्हाला खबरा दे, परवाना देतो’, असं सुचवलं गेल्याचं अनेकांनी नोंदवून ठेवलं आहे.

तरी रस्ता आहे. यादीतून नाव काढण्याचा अर्ज वेगळा भरायचा. हिब्रूतला. त्याला ओळखपत्राची आणि मॅग्नेटिक कार्डाची प्रत, आधीच्या नकारांचे कागद जोडायचे. कामाचा असेल तर मालकाची मागणीही. प्रत्येक कागदाची एक प्रत घरी ठेवायची, कारण ‘अर्ज मिळालाच नाही’ हे उत्तर जगात कुठल्याही खिडकीवर मिळतं. उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकार आला, तर वकिलामार्फत इस्रायलच्या न्यायालयात याचिका. स्वयंसेविका कागद जुळवून वकिलापर्यंत पोचवतात. कितीदा तर सुनावणीची वेळच येत नाही. सरकारी वकील कळवतात की मनाई उठवली आहे. इतकी वर्षं ती का होती, ते त्या पत्रातही नसतं.