नाइन्टी-नाइन्स

महिला वैमानिकांची आंतरराष्ट्रीय संघटना. स्थापना २ नोव्हेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरील कर्टिस फील्ड या विमानतळावर झाली. मुख्यालय ओक्लाहोमा सिटी येथे आहे.

तिचे मूळ त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सँटा मोनिका ते क्लीव्हलंड अशी झालेल्या स्त्रियांच्या विमानशर्यतीत सापडते. वीस वैमानिकांनी तिच्यात भाग घेतला होता. मार्व्हल क्रॉसन ॲरिझोनात विमान कोसळून मरण पावल्या, तेव्हा शर्यत थांबवा अशी ओरड झाली; बाकीच्यांपैकी बहुतेकींनी मात्र ती पुरी केली. लुईझ थेडन पहिल्या आल्या. जिवावर उदार होऊन केलेल्या या उड्डाणांना ‘पावडर पफ डर्बी’ असे प्रसाधनाच्या डबीतले नाव चिकटले, हे आजही खटकते.

एकत्र राहण्याची गरज शर्यतीतच उमगली होती. अमेरिकेतल्या ११७ परवानाधारक महिलांना पत्रे गेली, २६ जणी सभेला आल्या. हँगरमध्ये इंजिनाची घरघर चालू होती आणि चहा अवजारांच्या ढकलगाडीवरून दिला गेला. पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या नीव्हा पॅरिस पुढच्याच जानेवारीत विमान अपघातात गेल्या.

नावावर बराच खल झाला. अखेर संस्थापक सदस्यांची संख्या हेच नाव ठरले. नोंदणी चालू असल्याने ते आधी ८६, मग ९७ आणि शेवटी ९९ झाले. पक्ष्यांची वा फुलपाखरांची उपमा न घेता नुसती मोजदाद नावात यावी, ही निवड फार नेमकी वाटते.

१९३१ मध्ये अमेलिया इअरहार्ट अध्यक्ष झाल्या. १९३४ मध्ये क्लीव्हलंडच्या राष्ट्रीय विमानशर्यतींत स्त्रियांना मज्जाव झाला, तेव्हा उद्घाटनासाठी येणाऱ्या अभिनेत्री मेरी पिकफर्ड यांना विमानाने तिथे नेण्यास इअरहार्ट यांनी नकार दिला.

रेडिओची मदत तुटपुंजी असलेल्या त्या काळात वाट चुकलेल्या वैमानिकाला खाली कोणते गाव आहे हे कळावे, म्हणून छपरांवर गावांची नावे ठळक रंगवण्याची सरकारी योजना निघाली. ती फीबी ओमली यांनी आखली; थेडन, ब्लांश नॉइस अशा सदस्यांनी ती गावोगाव नेली. विमानतळांवर दिशाचक्रे (विमानातले होकायंत्र तपासण्यासाठी जमिनीवर काढलेली दिशादर्शक वर्तुळे) रंगवण्याचे काम सदस्य आजही स्वतः ब्रश घेऊन करतात.

दुसऱ्या महायुद्धात लष्करी विमाने पोहोचवणाऱ्या महिला वैमानिकांच्या दलाच्या प्रमुख जॅकलिन कॉक्रन या संघटनेच्या अध्यक्षही होत्या. इअरहार्ट यांच्या नावाने वैमानिक प्रशिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली जाते. भारतीय विभागाच्या उभारणीत चंदा सावंत-बुधाभट्टी यांचा मोठा वाटा आहे.