कापल्यापासून चुलीवर चढेपर्यंतचे तास

कोल्हापूरच्या आसपासच्या गावांत शिमग्याच्या सुमारास खुडूक कोंबडीखाली निघालेली पिल्ले आषाढ येईतो चार-पाच महिन्यांची होतात. नर बहुधा आधीच संपलेले असतात. पण तलंगाही, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या माद्याही, गरजेपेक्षा जास्त उरतात, आणि पावसाळ्यात खुराड्यात दाटी व ओल वाढली की रक्ती हगवणीचे परजीवी फोफावतात. श्रावण तोंडावर असतोच. म्हणून अंड्यावरच्या जुन्या कोंबड्या राखून जादा तलंगा कापल्या जातात, आणि एवढी कोवळी कोंबडी रस्स्यात चिवट लागली की दोष तिच्या गावठीपणाला दिला जातो.

हा दोष बऱ्याच अंशी चुकीच्या जागी दिला जातो. स्नायूंभोवतीच्या कोलॅजेन या प्रथिनाचे धागे वयाबरोबर एकमेकांशी पक्के जोडले जातात, त्यामुळे म्हातारी कोंबडी शिजायला वेळ घेते हे खरे. पण पाच महिन्यांच्या तलंगेत ही जोडणी अजून फारशी झालेली नसते. तिच्या चिवटपणाचे कारण पुष्कळदा घड्याळात असते.

कोंबडी मेली तरी तिचे स्नायू लगेच मरत नाहीत. प्राणवायू बंद झाल्यावर ते साठवलेल्या ग्लायकोजेनवर थोडा वेळ ऊर्जा, म्हणजे एटीपी, तयार करत राहतात आणि त्यातून लॅक्टिक आम्ल साठून सामू (आम्लतेचे माप, पीएच) सुमारे 7 वरून 6 च्या खाली उतरतो. स्नायूतले अॅक्टिन आणि मायोसिन हे तंतू एकमेकांपासून सुटण्यासाठी एटीपी लागतो. तो संपला की ते जागच्या जागी अडकतात आणि कोंबडी ताठ होते. कोंबडीत हे साधारण तासाभरात सुरू होते. पुढच्या काही तासांत स्नायूतलीच कॅल्पेन नावाची विकरे (एन्झाइम) तंतूंना बांधून ठेवणारी प्रथिने तोडतात आणि मांस पुन्हा सैल पडते. आपल्याकडे मात्र सकाळी कापलेली कोंबडी अर्ध्या-पाऊण तासात पातेल्यात जाते, उष्णतेने ती विकरे निकामी होतात आणि आखडलेला स्नायू आखडलेलाच शिजतो.

अंगणभर पळवून धरलेल्या कोंबडीचे ग्लायकोजेन आधीच खर्च झालेले असल्याने ती आणखी लवकर ताठते. त्यापेक्षा रात्री अंधारात ती दांडीवर बसलेली असताना उचलून डालाखाली ठेवावी. अंधारात कोंबड्या जवळपास विरोध करत नाहीत. कापण्याआधी 8 ते 12 तास दाणा बंद ठेवून पाणी मात्र द्यावे, म्हणजे गळ्याची पिशवी आणि आतडी रिकामी राहून साफ करताना घाण मांसाला लागत नाही. पंख घट्ट धरून धारदार सुरीने मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या एकाच वेळी कापल्या की शुद्ध लवकर हरपते. बोथट सुरीला येथे क्षमा नाही. हालचाल पूर्ण थांबल्याशिवाय कोंबडी गरम पाण्यात घालू नये.

पिसे सुटण्यासाठी सुमारे 60 अंश सेल्सिअसचे पाणी आणि मिनिटभराचा वेळ पुरतो. उकळत्या पाण्यात कातडी शिजते आणि पिसांबरोबर फाटून येते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास असल्याने येथे पाणी 98 अंशांच्या सुमारास उकळते; त्यात तेवढेच नळाचे पाणी मिसळले की थर्मामीटरशिवाय हवे ते तापमान मिळते. उरलेली केसांसारखी बारीक पिसे जाळावर भाजून काढता येतात.

पोट उघडल्यावर डाव्या बाजूला, कण्याजवळ, बारीक पिवळसर दाण्यांचा घोस दिसतो. हे अंडाशय, कोंबडीत सहसा डावेच वाढते. त्यातले काही दाणे बोराएवढे झाले असतील, तर ही तलंग थोड्याच दिवसांत अंड्यावर आली असती, आणि तिला कापण्याचा निर्णय हिशेबात चुकला असे मी म्हणेन. यकृताला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी न फोडता काढावी, कारण पित्ताचा कडूपणा मसाल्याने झाकला जात नाही.

साफ केलेली कोंबडी बर्फाच्या पाण्यात गार करून झाकून फ्रिजमध्ये, 4 अंशांच्या आसपास, ठेवावी. नळाखाली धो-धो धुण्याचे टाळावे, कारण उडणाऱ्या तुषारांबरोबर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जीवाणू ओट्यावर पसरतात. चार-सहा तासांनी तंगडीचा सांधा वाकवून पाहावा. तो अडखळत असेल तर मांस अजून ताठ आहे, सहज वळत असेल तर अळणीचे, म्हणजे मसाल्याआधी मांस शिजवून काढलेल्या पाण्याचे, पातेले चढवायला हरकत नाही. मग मंद आचेवर कोलॅजेन विरघळून त्याचे जिलेटिन होते आणि अळणीला अंग येते. मांडीच्या जाड भागात, हाडाजवळ, 74 अंश तापमान गाठले की जीवाणूंची चिंता उरत नाही.