जखमी सैनिकांचा सन्मान (शिवकाल)

लढाईत जखमी झालेल्या शिपायांना राजाने द्रव्य देऊन नावाजण्याची मराठा राज्यातील रीत. तिचे तपशीलवार वर्णन कृष्णाजी अनंत सभासद याच्या बखरीत, प्रतापगडच्या युद्धाच्या (10 नोव्हेंबर 1659) प्रसंगात येते.

अफझलखान गडाखाली मारला गेला आणि जवळच्या पार गावच्या व जावळीच्या रानात त्याच्या फौजेचा मोड झाला. शरण आलेल्यांना सोडून दिले. मग शिवाजी महाराजांनी आपल्या माणसांकडे लक्ष दिले. जखमींना 200, 100, 50 किंवा 25 होन मिळाले, आणि रक्कम ठरली ती माणसागणिक, जखम पाहून. या नोंदीतील सर्वांत मोलाची गोष्ट हीच. मोठ्या धारकऱ्यांना (लढवय्यांना) आणि जुमलेदारांना (तुकडीच्या अंमलदारांना) हत्ती, घोडे, कडी, कंठमाळा, तुरे वेगळे मिळाले, काहींना गावेही मिळाली. तो पराक्रमाचा आणि हुद्द्याचा मान होता. जखमेचा पैसा मात्र घावाच्या मापाने दिला गेला.

होन हे सोन्याचे नाणे. पायदळातील जुमलेदाराची सालीना तैनात (वर्षाचा पगार) 100 होन होती, असे याच बखरीत आहे. म्हणजे मोठी जखम झालेल्या साध्या प्याद्याच्या हाती जुमलेदाराच्या दोन वर्षांच्या तैनातीइतकी रक्कम पडू शकत होती. मावळातला शिपाई बहुधा शेतकरी. हात किंवा पाय गेला की तलवारीबरोबर नांगरही सुटायचा. हे ध्यानात घेतले की या आकड्यांचे वजन कळते. त्यासाठीचा पैसा लुटीतून उभा राहू शकला: 65 हत्ती, 4000 घोडे आणि सुमारे 7 लाखांची रोकड हाती आल्याचे सभासद सांगतो.

कामी आलेल्यांचीही आठवण त्याच वेळी झाली. त्यांच्या मुलांना चाकरीत घेऊन चालवले; मुलगा नसेल त्या विधवेला नवऱ्याचे निमे वेतन बांधून दिले. लढाईत पडलेल्यांच्या कुटुंबाला अशी नेमणूक देण्याची पद्धत पुढे पेशवाईतही राहिली आणि ‘बालपरवेशी’ या नावाने ओळखली गेली.

एरवीही लष्कर दसऱ्याला मुलूखगिरीस (मोहिमेस) निघे आणि पावसाळ्याआधी छावणीस परते. परतताना सरहद्दीवर प्रत्येकाची झडती होई, लुटीचा हिशेब सरकारात समजावला जाई आणि ज्यांनी कष्ट केले त्यांना राजदर्शनाच्या वेळी सरफराज केले जाई, म्हणजे त्यांचा सन्मान होई. कसूर करणाऱ्यांना दूर केले जाई, हेही सभासदाच्या बखरीतच आहे. प्रतापगडाखाली दिलेले होन याच शिस्तीतले म्हणून वाचले पाहिजेत.

सभासद हा महाराजांच्या पदरी राहिलेला माणूस. त्याने बखर लिहिली ती दक्षिणेत, तमिळ मुलखातील जिंजीस, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, प्रसंगानंतर तीन दशकांहून अधिक काळाने. तेवढ्या अंतरानेही होनांचे चारही दर त्याने लिहून ठेवले आहेत.