ऑक्सिमीटर आणि सीओ-ऑक्सिमीटर: बोटावरच्या ९८ वर भुलू नका

अमेरिकेत अग्निशामकांपैकी बहुसंख्य स्वयंसेवक असतात. वणव्यावर रिहॅबचं काम शिकायला येणाऱ्या अशा मंडळींच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं: "ऑक्सिजन ९८ आहे, धूर लागलेला नाही." ऐकून ऐकून कान किटले.

(हे रिहॅब म्हणजे व्यसनमुक्ती केंद्र नव्हे. वणव्यातून परतलेल्या माणसाला सावलीत बसवायचं, अंग थंड करायचं, पाणी द्यायचं, नाडी-ताप पाहायचा आणि पुन्हा कामावर सोडायचं की नाही ते ठरवायचं, ती ही जागा.)

ऑक्सिमीटर काय असतो हे आपल्याला सांगायला नको. २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'ची पथकं तो घेऊन दारोदार फिरली. ९५ च्या वर आकडा आला की हुश्श करायचं, ही सवय तेव्हाची. वणव्यावर तीच नडते.

साधा ऑक्सिमीटर बोटातून दोनच प्रकारचा प्रकाश सोडतो, एक लाल आणि एक इन्फ्रारेड. धुरातला कार्बन मोनॉक्साइड (सीओ) हा विषारी वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन त्या लाल प्रकाशात जवळपास ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनसारखंच दिसतं. म्हणजे एसटीतल्या भरलेल्या सीटा मोजायच्या, पण तिकीट कुणाचंच तपासायचं नाही, असा प्रकार. त्यात हा फुकट्या ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट बसतो. साध्या हवेत त्यातला निम्मा उतरायलाच चार-पाच तास जातात. शंभरातल्या वीस सीटा त्याने बळकावल्या तरी साध्या यंत्राचा आकडा नव्वदीच्या वरच राहू शकतो. यंत्र बिघडलेलं नसतं, त्याला तो प्रश्न विचारलेलाच नसतो.

सीओ-ऑक्सिमीटर हाच प्रश्न विचारतो. तोही बोटालाच लागतो, पण जास्त तरंगलांबींचा प्रकाश वापरून कार्बन मोनॉक्साइडची टक्केवारी वेगळी दाखवतो. किंमत बरीच जास्त, बाकी आकार-बॅटरीचे फरक सोडून द्या. आकडा वाचण्याआधी "सिगारेट ओढता का?" हे मात्र विचारा. न ओढणाऱ्याच्या रक्तात दोन-तीन टक्के चालून जातात, ओढणाऱ्याचे दहापर्यंतही असू शकतात. आणि हे यंत्रही काही टक्के चुकतं. डोकं ठणकत असलेल्या माणसाला केवळ आकडा कमी आला म्हणून परत पाठवणं मला मान्य नाही. खात्री रक्त तपासूनच होते.

घोळ वाढतो तो लक्षणांमुळे. डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, थकवा: ऊन लागल्यावर हेच होतं आणि कार्बन मोनॉक्साइडनेही हेच. मग "ऊन लागलंय, पाणी पाज" म्हणून मोकळे होतात. उंच ज्वाळांपुढचा माणूस सगळ्यांच्या डोळ्यांत भरतो, पण आग आटोक्यात आल्यावर धुमसते बुंधे उकरत तासन्‌तास वाकलेल्याला विचारायला कुणी जात नाही. धुमसणाऱ्या लाकडातून हा वायू जास्त निघतो, म्हणून मी आधी त्याचंच बोट पकडतो. संशय आला की मास्कने शुद्ध ऑक्सिजन सुरू करून त्याला वैद्यकीय पथकाच्या ताब्यात द्यायचं. शुद्ध ऑक्सिजनवर निम्मा वायू तास-दीड तासात उतरतो.

आणि तंबू ठोकताना वारा बघा हो. पंपाचं इंजिन शेजारी धडधडतंय, त्याचा धूर थेट खुर्च्यांवर येतोय आणि आत आम्ही बोटं तपासतोय, हे चित्र मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय.