‘नुसती हवाच तर आहे’ : एअर गनविषयी खुलासा

बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्री (धातू ओतून भाग बनवणारे कारखाने) आणि मशीन शॉपमध्ये शिफ्ट संपल्यावर एअर गनने, म्हणजे कॉम्प्रेसरमधील दाबलेल्या हवेचा झोत सोडणाऱ्या साधनाने, अंगावरची धूळ उडवणे निर्धोक आहे, कारण ती ‘नुसती हवाच’, हा समज चुकीचा आहे. कॉम्प्रेसरमधील हवेचा दाब साधारणतः ६ ते ८ बार, म्हणजे मोटारीच्या टायरमधील दाबाच्या सुमारे तिप्पट असतो. खटका दाबताच ही हवा अरुंद तोंडातून प्रसरण पावत प्रचंड वेगाने सुटते. साच्यातील सुटी वाळू आणि जॉबवरील (घडवल्या जाणाऱ्या भागावरील) चिप्स, म्हणजे धातूचा कीस, उडवण्यास किंवा धुतलेले भाग सुकवण्यास ती उत्तम, परंतु तीच हवा जखमेतून कातडीखाली शिरू शकते आणि तिने उडवलेला लोखंडाचा कण डोळ्यात रुतू शकतो. सुरक्षित नोझलच्या (गनच्या तोंडाच्या) बाजूला छिद्रे असतात. तोंड अंगाला टेकले तरी त्यांतून दाब बाहेर पडतो. जोर वाढावा म्हणून ती छिद्रे कृपया बुजवू नयेत.